मामांच्या मोबाइलचा आवाज

आमचे मामा फोनवर ‘हॅलो’ म्हणत नसत, एकदम ‘ऐकू येत न्हाय’ म्हणत. समोरच्यानं अजून तोंडही उघडलेलं नसायचं. उचगावहून ते बोलायचे आणि पुण्यात माझ्या शेजारणीला कळायचं. सारा जन्म फाउंड्रीच्या धडधडाटात गेला. कान तिथंच ठेवून आले होते. पण कबूल करतील तर ते मामा कसले? बाद झाला होता तो मोबाइल.

मोबाइल तेव्हा नवे नवे आले होते. त्यांना तो मीच घेऊन दिलेला, म्हणून तक्रारीही माझ्याकडेच. दर रविवारी मी पुण्यात बसून बटणं सांगायची, मामी घरच्या फोनवर ऐकून ती मामांच्या कानात ओरडायची आणि मामा मोबाइल दाबत बसायचे. आवाज तर केव्हाच पूर्ण वाढवलेला असायचा. एकदा मामी वैतागून म्हणालीच, ‘अवो, कान दाखवा डॉक्टरला.’ मामा म्हणाले, ‘कानाला काय धाड भरलीया?’

यंत्र बिघडलं की आधी गार करायचं, ही त्यांची कारखान्यातली सवय. त्यांनी मोबाइल माठाखालच्या ओल्या फडक्यावर ठेवला. संध्याकाळपर्यंत तो कायमचा गार झाला. मी नवा पाठवला, तर लगेच निरोप आला, ‘ह्यो बी तसलाच निघाला की.’ मी पोट धरून हसले आणि मग एकदम रडूच आलं. आई गेल्यावर ‘जेवलीस का’ विचारणारं माहेरचं माणूस तेवढंच उरलं होतं, आणि माझा शब्द त्यांच्यापर्यंत पोचेनासा झाला होता.

कानाचं यंत्र नेऊन दिलं. ते म्हाताऱ्यांसाठी असतं म्हणून डबीतच राहिलं. मामी बिचारी तरी किती ओरडणार? तिनं नाद सोडला. मामांनी मात्र रविवार सोडला नाही. ‘जेवलीस का?’ विचारायचे, उत्तराला लागेल तेवढं थांबायचे, ‘बरं बरं’ म्हणायचे. ‘हाफिसात कसं चाललंय?’ इथं जरा जास्त थांबायचे. मी खरंच उत्तरं द्यायची, नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगायची. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी माझं मन हलकं व्हायचं.

आता रविवारची सकाळ खायला उठते. कुणीतरी माझ्यावर तसं ओरडावं असं फार वाटतं.

ते गेले, त्याच्या आधीच्या रविवारी आवाज खोल गेला होता. मधूनमधून खोकत होते. जेवण झालं, ऑफिस झालं, मग म्हणाले, ‘ठेवू का पोरी?’

मी म्हणाले, ‘नको मामा. जरा बोला ना अजून.’

माझं बोलणं संपेपर्यंत ते थांबले. ‘बरं बरं,’ म्हणाले आणि फोन ठेवला.