आशूचा नवा पिकअप

बँड चालला असता तर गाणी जमा झाली असती. आमचा चालला नाही, म्हणून किस्से जमा झाले. आमच्यापैकी कोणी दोघं आजही भेटलो की गाण्याचा विषय निघत नाही, थेट आशूच्या पिकअपचा निघतो आणि समोरचा चहा थंड होतो.

आधी माणसं सांगून टाकतो. आम्ही पांढरकवड्याचे. आशू लीड गिटार वाजवायचा. त्याच्या वडिलांचं कृषी केंद्र होतं, म्हणजे बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. नईम ड्रम्सवर, त्याच्या घरचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप, हायवेला लागून. सुमेध गायचा आणि गाणी लिहायचा. तो केळापूरकडच्या एका खेड्यातला, घरी कापसाची शेती, आणि लहानपणापासून जयंतीच्या स्टेजवर भीमगीतं गाऊन आवाज असा तयार झालेला की माइक नसला तरी चालायचं. मी बेस वाजवायचो. कॉम्प्युटर माझ्याकडे होता, म्हणून रेकॉर्डिंगचं खातंही माझ्याकडेच.

वाजवायचं काय, तर हेवी रॉक. आणि दिवस कापसाच्या त्या वाईट वर्षांचे. भाव पडलेला, खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा, आणि टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावोगाव फिरणाऱ्या. सगळा जिल्हा हवालदिल होता आणि आमचा आशू म्हणत होता, आपला प्रॉब्लेम पिकअपचा आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबकावर बारीक तार गुंडाळलेली एक पट्टी असते. तारांचं थरथरणं ती पकडते आणि अँप्लिफायरकडे पाठवते. तोच पिकअप. आशूच्या मते जगातल्या प्रत्येक चांगल्या गिटारिस्टकडे चांगला पिकअप होता आणि याच्याकडे नव्हता, एवढाच काय तो फरक. रियाज वगैरे गोष्टी त्याच्या हिशेबात नव्हत्या.

*

पहिला पिकअप त्याने मुंबईहून मागवला. पार्सल यायच्या आधीच गावभर सांगून झालं होतं की नवीन पिकअप येतोय. गावाला पिकअप म्हणजे एकच माहीत, मागे माल भरायची गाडी. कृषी केंद्रवाल्यांनी पिकअप घेतली, ही बातमी बाजारात फिरली.

दोन-चार दिवसांत केळापूरचे एक काका दुकानात आले. कापूस खरेदी केंद्रावर न्यायचा होता, पण त्यांनी विचारलं एवढंच की नवीन पिकअप आहे का. आशूला वाटलं, चला, संगीताचा एक कदरदान भेटला. त्याने मोठ्या कौतुकाने डबी उघडून पिकअप त्यांच्या हातावर ठेवला आणि हा किती दमदार आहे ते सांगू लागला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला, शांतपणे डबीत परत ठेवला आणि आशूच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "शेठ, द्याची नसन तं नाही म्हना. पोराच्या हातून थट्टा कायले करता?"

*

आता तो बसवायचा. जुना पिकअप एका पट्टीचा होता, नवा दोन पट्ट्यांचा, दुप्पट रुंद. गिटारच्या लाकडातली खाच मोठी करणं भाग होतं. शहरात या कामाची वेगळी माणसं असतात म्हणे. आशूने गिटार नेली दाराच्या चौकटी बनवणाऱ्या मिस्त्रीकडे. मापं दिली, आकृती काढून दिली, वर इंग्रजीत भाषणही दिलं.

संध्याकाळी गिटार घ्यायला गेलो, तर खाच एवढी मोठी की पिकअप आत टाकला तर खुळखुळ्यासारखा वाजत होता. आशूचा चेहरा पडला. मिस्त्री त्याची समजूत घालत म्हणाले, "थोडी जागा लागतेच ना भाऊ. पावसाळ्यात लाकूड फुगलं का मंग दार लागत नाही."

शेवटी फवारणीच्या औषधाच्या जाहिरातीच्या पुठ्ठ्याच्या घड्या करून पिकअप आत ठोकून बसवला. हेवी रॉकसाठी जय्यत तयार झालेली गिटार ती हीच.

*

पिकअप जोडल्यावर आशूने आम्हा तिघांना बोलावून घेतलं. पहिला सूर वाजवला आणि डोळे मिटले. मग बोलायला लागला. आवाजात आता गाभा आला, खालचे सूर कसे छातीवर येतात, वरचे कसे कापत जातात, जुन्या पिकअपमध्ये हे कधीच नव्हतं. आम्ही माना हलवत होतो. आम्हाला फरक कळत नव्हता, पण तसं म्हणायची पंचाईत होती, कारण न कळणाऱ्याला आशू कान नसलेला म्हणायचा.

नईम तेवढा गिटारकडे टक लावून बघत होता. गिटारवर एक छोटा खटका असतो, दोन जागच्या पिकअपपैकी कोणता चालू ठेवायचा त्याचा. तो खटका मानेजवळच्या जुन्या पिकअपवर होता. नवा तोवर बंदच होता. नईमने त्याकडे बोट दाखवलं.

आशू खटक्याकडे बघत राहिला. दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. आशू म्हणाला, "पाह्य, म्हंजे नवीन बसवल्यानं जुनाही सुधरला."

*

मग रेकॉर्डिंगचं वेड लागलं. खोलीत आवाज घुमतो, तो मरावा म्हणून भिंतींना फोम लावतात, असं आशूने कुठेतरी वाचलं. फोम पांढरकवड्यात कुठून आणणार? पण कापूस होता. त्या वर्षी कापसाइतकी बेवारस वस्तू जिल्ह्यात दुसरी नव्हती. आशूच्या मामाच्या गोडाऊनमध्ये भावाची वाट पाहत न पिंजलेला कापूस पडून होता. तो गाठोड्यांत बांधून आणला आणि दुकानामागच्या खोलीच्या भिंतींना छतापर्यंत लावला. आवाज खरंच छान बसला. आशूने त्या खोलीला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली.

पडून राहिलेल्या कापसात कसले कसले किडे राहतात, हे त्याला माहीत नव्हतं. औषध विकणाऱ्याच्या मुलाला माहीत असायला हरकत नव्हती. तासाभरात सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. मान, हात, पाठ. नईम ड्रमच्या काड्या उलट्या धरून पाठ खाजवत होता आणि माझ्या हेडफोनमध्ये गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येत होती. आशू मात्र आणखी एक टेक, आणखी एक टेक म्हणत होता.

सुमेधच्या घरी तर हे रोजचंच. भाव येईल म्हणून त्यांनी राहत्या खोलीत कापूस भरलेला, आणि त्याची आई, बहिणी, सगळे रात्रंदिवस तिथेच. त्याने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, "आमच्या गावात भाव भेटन म्हनून लोकं खाजवून राह्यले. आपन कायच्या भावासाठी खाजवून राह्यलो बे?"

कापूस दुसऱ्या दिवशी मामाच्या गोडाऊनला परत गेला.

*

दुसरा पिकअप आशूने स्वतः जोडला, आणि जोडताना अर्थिंगची तार विसरला. अर्थिंग नसलं की पिकअप हवेतलं काहीबाही पकडतो. याच्या पिकअपने रेडिओ पकडला. सोलो चालू असताना मधेच एक बाई स्पष्ट आवाजात बोलायला लागल्या. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम होता. आशूला ते एवढं आवडलं की अँप्लिफायर पूर्ण मोठा करून त्याने मला रेकॉर्ड करायला सांगितलं. म्हणे, अशा गोष्टी ठरवून होत नाहीत.

बाई सांगत होत्या, शेतकरी बंधूंनो, घाबरून महागडी औषधं मारू नका, आधी अळ्या मोजा, कमी असतील तर निंबोळी अर्क पुरेसा आहे.

आशूच्या वडिलांनी आमचं वाजवणं तोपर्यंत एकदाही नीट ऐकलं नव्हतं. खोली दुकानाच्या मागेच, मधे एक पातळ भिंत. ते दुकानातून धावत आले. एवढ्या घाईने चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दार लोटलं, अँप्लिफायरची पिन भिंतीतून उपटली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बंद कर ते. गिऱ्हाईक आयकून राह्यलं."

*

यानंतर आशूला वाटलं की पिकअप विकत घेण्यापेक्षा आहे तोच जास्त गरम, म्हणजे जोरदार, करून घ्यावा. तारेचे वेढे वाढवले की आवाज दणकट होतो, हे त्याने वाचलेलं. नईमच्या चाचांकडे गेला. चाचा विहिरीवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटरी भरायचे, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचे, आणि लोडशेडिंगमुळे वीज खालीवर व्हायची, म्हणून त्यांच्याकडे मोटरींचा ढीग लागलेला. आशूने जुना पिकअप त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाला, चाचा, यालाही भरून द्या, जरा पॉवरफुल.

चाचांनी आतली तार बघितली. केसापेक्षा बारीक. असली तार पाहून त्यांना आशूची कीव आली असावी. त्यांनी ती सगळी काढून फेकली आणि पंपाला लावतात ती जाड, लाल तार घट्ट भरून दिली. वेढे बसले थोडेसेच. गिटारला लावून वाजवली, तर कान अँप्लिफायरला टेकवावा लागत होता.

आशू तक्रार घेऊन गेला. चाचांनी हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज का तो मालूम नहीं बेटा. लेकिन अब जलेगा नहीं."

*

टीव्हीवाल्यांनीही आम्हाला सोडलं नाही. दिल्लीहून एक बाई आणि कॅमेरामन कापसाच्या संकटावर फिल्म करायला आले होते. कोणीतरी त्यांना सांगितलं, इथे पोरांचा रॉक बँड आहे. बाईंना फार आनंद झाला. त्यांनी आम्हाला गाडीत घालून एका शेतात नेलं. वेचणी झालेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांत, गिटार घेऊन उभं केलं. सुमेधला सांगितलं, तू लांब कुठेतरी बघ, आणि जरा उदास हो.

सुमेध म्हणाला, माझंच शेत पलीकडे आहे, तिकडे बघू का? बाई म्हणाल्या, नको, तिकडे विजेचा खांब येतो.

आशूने सांगितलं की ही गिटार विजेशिवाय वाजत नाही, शेतात काही ऐकू येणार नाही. निदान त्या पिकअपबद्दल दोन शब्द बोलू द्या. बाई म्हणाल्या, तुम्ही फक्त वाजवल्यासारखं करा, आवाज आम्ही नंतर टाकू. त्यांच्याबद्दल याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

काही महिन्यांनी फिल्म टीव्हीवर लागली. आम्ही सगळे आशूच्या घरी जमलो. पऱ्हाटीत आम्ही उभे, आशू डोकं झटकत जीव तोडून वाजवतोय, आणि मागे बासरी.

मग नईम म्हणाला, "आता कुठं बरा पिकअप भेटला आशूले."

*

लोकांसमोर आम्ही एकदाच वाजवलं. पांढरकवड्यात कापसाच्या भावासाठी सभा होती. सुमेधला पुसदकडच्या शाळेत नोकरी लागली होती, पुढच्या आठवड्यात तो जाणार, म्हणजे बँड तिथेच संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरेदी केंद्राच्या रांगेवर त्याने लिहिलेलं एक गाणं होतं, वऱ्हाडीत. ते एकदा तरी माणसांसमोर म्हणायचं, एवढीच त्याची इच्छा होती. सभेचे एक कार्यकर्ते त्याच्या ओळखीचे. त्यांनी सांगितलं, साहेब येईपर्यंत वाजवा, साहेब आले की लगेच उतरा.

साहेब सकाळी येणार होते. दुपार कलली तरी पत्ता नव्हता. पटांगणात माणसं उन्हात बसून होती, बायका पदर डोक्यावर ओढून. स्टेजवर साहेबांच्या खुर्च्या मात्र सावलीत, एक मोठी मधोमध, पांढरं कापड घातलेली. आम्ही खुर्च्यांच्या पुढे उभे राहिलो. आमची गिटार त्या दिवशी सभेच्या भोंग्यांमधून वाजणार होती.

सुरू केलं. जनरेटरवरची वीज, भोंगे आणि आशूचा पिकअप, तिघांनी मिळून असा काही आवाज काढला की झाडावरचे कावळे उडाले. पत्रा फाटावा तसा. त्यातून सुमेधचा आवाज तेवढा सरळ येत होता, एकेक शब्द. गाणं संपलं तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. सगळी माणसं नुसती बघत होती. मला वाटलं, आता दगड येणार. कडेला उभे असलेले कार्यकर्ते हाताने खुणा करत होते, पुरे, उतरा.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारी बाई उठली. हळूहळू चालत स्टेजजवळ आली, भोंग्याकडे पाहिलं, मग सुमेधकडे.

"बापू, हे बिघडलं आहे का मुद्दाम असं वाजवून राह्यले?"

सुमेध वाकून म्हणाला, "मुद्दाम आहे, माय."

बाईने आमच्या मागे, साहेबांच्या रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा बघितलं.

"मंग एवढ्या हळू आवाजात काहून?"