चार तासांचा लकवा

मला लकवा झाला तो सकाळी नऊ वाजता, आणि दुपारी एकला मी खडखडीत बरी झाले. मधल्या चार तासांत माझी विहीण दिंद्रुडहून येऊन माझ्या उशाशी रडून गेली, आणि तिच्या पोटात दोन वर्षं साठलेलं सगळं मला गपगुमान ऐकून घ्यावं लागलं.

मी बीडच्या एका खाजगी दवाखान्यात सव्वीस वर्षं मावशीचं काम करते. म्हणजे पेशंटला उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, भांडं देणं आणि नातेवाइकांना बाहेर काढणं. सुई सोडून सगळं. हे काम मला कोणी शिकवलं नाही. पहिल्या दिवशी एका आजोबांना खाली पाडलं, दुसऱ्या दिवशी नाही पाडलं, असं करत करत शिकले.

मागच्या वर्षी दवाखान्याने सांगितलं की जुन्या माणसांनासुद्धा आता प्रशिक्षण घ्यावं लागेल. बारा दिवस, शेवटी परीक्षा, पास झालं की प्रमाणपत्र. मला राग आला. मी घरी म्हटलं, आता मला भाकरी कशी थापायची हेही कोणी शिकवणार का. आमचे मालक एसटीच्या वर्कशॉपात आहेत. ते म्हणाले, "जा की. बारा दिवस त्या लोकांना तरी तुझं ऐकू दे."

प्रशिक्षण दवाखान्याच्याच मागच्या नव्या इमारतीत होतं. खाली बाहेरचे पेशंट तपासायचे आणि वरचा वॉर्ड अजून रिकामा होता, तिथे आम्ही. सोळा जण होतो, सगळे पिकलेले. शिकवायला एक मॅडम होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, बारीक, चष्मा लावणाऱ्या आणि कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, हात कशाने धुवायचे. मी म्हटलं, साबणाने. त्यांनी पाटीवर सात चित्रं काढली आणि मला दहापैकी दोन मार्क दिले. तेव्हाच मी ठरवलं, पुढच्या परीक्षेत या बाईला एक मार्क कापू द्यायचा नाही.

सहाव्या दिवशी मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांनी पेशंट व्हायचं, निम्म्यांनी त्यांना सांभाळायचं. नऊ ते एक. पेशंटने चिठ्ठीत जो आजार असेल तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. घंटा होईपर्यंत जो आजारातून बाहेर येईल त्याला शून्य, आणि पुन्हा पहिल्यापासून. फोन सगळे मॅडमच्या कपाटात.

माझ्या चिठ्ठीत होतं: डावी बाजू गेली आहे, बोलता येत नाही.

वॉर्डात हसू पिकलं. एक बाई म्हणाली, "मॅडम, मावशीला दुसरा कोणताबी रोग द्या. ह्यो त्यांना झेपायचा न्हाई."

मला सांभाळायला आला तो तलवाड्याकडचा एक गडी. चाळिशीतला, दाराच्या उंचीचा, एका वृद्धाश्रमात दहा वर्षं कामाला. घरी मेंढरं होती, लहानपण त्यांच्यामागे गेलं होतं. मन सोन्यासारखं, पण हात मेंढरांवर बसलेला. त्याने मला पलंगावर घेताना एक हात मानेखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून असं उचललं की जणू लोकर कातरायलाच निघालाय. मग पाठीवर थोपटून म्हणाला, "गप पडा मावशी, आता कायबी होत न्हाई."

मॅडमनी जाता जाता त्याला बजावलं, "मधेच कोणीतरी नातेवाईक बनून येईल. रडेल, चिडेल, वाटेल ते विचारेल. तुम्ही शांतपणे बोलायचं. त्याचे वेगळे मार्क आहेत." नातेवाईक व्हायचं काम ऑफिसातल्या क्लार्ककडे होतं. तो चहाला गेला तो गेलाच, हे आम्हाला नंतर कळलं. मॅडम पलीकडच्या खोलीत दुसऱ्यांची परीक्षा घ्यायला गेल्या.

दहाच्या सुमाराला व्हरांड्याच्या खिडकीत एक पांढरी टोपी दिसली. माझ्या मुलीचे चुलत सासरे. दिंद्रुडचे. ब्लडप्रेशर तपासायला आले होते आणि लघवीची जागा शोधत जिना चढले होते. त्यांनी आत पाहिलं. मी पलंगावर आडवी, तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा हात दोरी तुटल्यासारखा लोंबतोय, आणि पलंगाला लघवीची एक पिशवी टांगलेली. पिशवीत मॅडमनी सरावासाठी बिनदुधाचा चहा भरला होता.

"इहीणबाई?" ते आत येत म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. उजव्या डोळ्याने खूण केली. त्यांना वाटलं, डोळासुद्धा फडफडतोय.

"काय झालं वो हिला?" त्यांनी गड्याला विचारलं.

आता माझा गडी मॅडमनी पाठवलेल्या नातेवाइकाचीच वाट बघत होता. त्याने खांदे सरळ केले आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "काका, आधी बसून घ्या. पेशंटच्या अंगावरून वारं गेलंय. डावी बाजू काम करत न्हाई, वाचा गेली हाय. पण आमी योग्य ती काळजी घेतोय. तुमी धीर धरा. पेशंटसमोर रडू नका."

"कधी झालं?"

"आज सकाळी नऊला."

काकांनी टोपी काढून हातात घेतली. ते रडले नाहीत, पण त्यांचे ओठ हलायला लागले. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, की अहो काका, नाटक आहे, खाली जाऊन तुमचं ब्लडप्रेशर बघा. पण पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं आणि मॅडमचा चष्मा चमकत होता. मी गिळलं. गड्याने माझ्या घशाची हालचाल बघितली आणि काकांना म्हणाला, "बघा, गिळता येतंय. ही चांगली खूण हाय."

काका खाली गेले आणि त्यांनी फोन लावले. पहिला आमच्या मालकांना. काय बोलणं झालं ते मालकांनी मला नंतर सांगितलं. काका म्हणाले, तुमच्या मंडळींना बोलता येत नाही. मालकांनी विचारलं, "किती वेळ झाला?" काका म्हणाले, तास होऊन गेला. मालक म्हणाले, "मग ती दुसरीच कोणतरी असंल," आणि परत इंजिनाखाली गेले. काकांनी गावात सांगितलं की बिचाऱ्याला धक्का बसलाय, भ्रमिष्टासारखं बोलतोय.

दुसरा फोन माझ्या विहिणीला.

विहिणीचं आणि माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. नातवाच्या बारशाला मी दिंद्रुडला गेले होते. ती पोराच्या कानात कोमट तेल घालत होती, आणि मी चारचौघींत म्हटलं, "कानात तेल घालू नये, आमच्या दवाखान्यात चालत नाही." ती म्हणाली, "तुमच्या दवाखान्यातलं दवाखान्यात ठेवा. मी पाच लेकरं ह्याच तेलावर वाढवली." तेव्हापासून आम्ही मुलीच्या तोंडून बोलायचो. म्हणजे एकाच खोलीत बसून मुलीला सांगायचं, "तुझ्या सासूला विचार, चहा घेते का."

साडेबाराला जिन्यावर जीप थांबल्यासारखा आवाज झाला. तो तिच्या चपलांचा होता. विहीण पुढे आणि मागे पिशव्या घेऊन काका. मुलगी बाळाला लस द्यायला माजलगावला गेली होती म्हणून वाचली. "पोरीला कळवलं न्हाई," विहीण दारातूनच म्हणाली. "आधी आपण डोळ्यांनी बघावं म्हणलं."

मी आडवी पडून तांदळाची पेज पीत होते. गड्याने चमचा भरून ठेवला आणि दुसऱ्या नातेवाइकाचं स्वागत केलं. एकाच परीक्षेत दोन नातेवाईक म्हणजे मार्क दुप्पट, असा त्याचा हिशेब.

विहीण माझ्या उशाशी बसली. मग तिचा बांध फुटला.

"लई तोंडाळ बाई होती वो," ती गड्याला सांगायला लागली. "आता तोंडच गेलं. बारशात मला अख्ख्या गावासमोर बोलली. मी का म्हून गप बसले, मलाच म्हाईत. पुरणपोळी करायची ती चपलेच्या तळाएवढी जाड. माझा पोरगा एकदा खाऊन आला, दोन दिवस पोट धरून बसला." तिने डोळ्यांना पदर लावला. "पण मनानं वाईट न्हाई. माझं ऑपरेशन झालं तवा आठ दिवस डबा पाठवला. अळणी असायचा. पण पाठवला."

तो डबा अळणी होता कारण तिला डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. हे मला सांगायचं होतं. सव्वीस वर्षांत कोणत्याही पेशंटला एवढा त्रास झालेला मी पाहिला नाही. माझं डावं बोट हललं असावं, कारण गडी वाकून कानात कुजबुजला, "मावशी, डावा हात. मार्क जातील."

मग विहिणीने हात जोडले. "कपिलधारच्या देवा, ही बाई उठून बोलली तर मी अनवाणी येते. हिला पण घेऊन येते."

गड्याने पुन्हा चमचा उचलला आणि माझ्या तोंडाकडे नेला. विहिणीचं रडणं तिथेच थांबलं.

"थांब बे," ती म्हणाली. "आडवं झोपवून पाजतोस का तू? ठसका लागून मरंल ना. उशा दे."

तिने पदर खोचला. माझ्या पाठीमागे हात घालून मला एका झटक्यात बसवलं, आणि अंगाला कुठेही ओढ बसली नाही. "वाकडी बाजू कोणती?" तिने विचारलं. "डावी? मग तू डावीकडून का म्हून घालतोस? ज्या बाजूला कळतंय तिकडून घाल. अर्धाच चमचा. गिळलं का बघ, मग दुसरा." पेज संपल्यावर तिने माझ्या गालाच्या आत बोट फिरवून शीत राहिलंय का पाहिलं. मग माझ्या पायावरची चादर सारली. "टाचा बघितल्यास का सकाळपासून? पहिली जखम टाचेला आन् माकडहाडाला होती. खाली काय तरी मऊ घाल."

तिने तिच्या सासूला सात वर्षं अंथरुणात सांभाळलं होतं. मला ते माहीत होतं. पण सांभाळलं म्हणजे नेमकं काय केलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, काम दवाखान्यात होतं, घरी नुसती माणसं असतात. तिचे हात माझ्या मानेला लागले तेव्हा कळलं, हे हात माझ्यापेक्षा बरे आहेत. हे मान्य करायला मला त्रास झाला, पण बोलता येत नसल्याने वादही घालता येईना.

दारात मॅडम उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. वहीत भराभरा लिहीत होत्या.

एक वाजला. मॅडमनी स्टीलच्या ताटावर चमचा वाजवला.

मी पलंगावरून खाली उतरले, पिशवी बाजूला सारली आणि विहिणीला म्हटलं, "डबा अळणी होता कारण तुम्हाला मीठ बंद होतं. आणि कानात तेल घालू नये म्हणजे नयेच."

काका भिंतीला टेकले. विहीण खाली बसली, अगदी फतकल मारून. माझ्याकडे बघितलं, मग वर छताकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "एवढ्या लवकर कसं काय पावला?"

तिला सगळं समजावायला पाऊण तास लागला. गड्याला तर त्याहून जास्त. खरेच नातेवाईक होते म्हटल्यावर तो इतका शरमला की काकांचे पाय धरायला गेला. काकांनी त्याला उठवलं आणि म्हणाले, "तू लई धीर दिलास बे. खरंखुरं झालं तरी तुलाच बोलावू." तेवढ्यात काकांना आठवलं की ते मूळ ज्यासाठी वर आले होते ते अजून राहिलंच आहे, आणि ते घाईने गेले.

विहीण आधी चिडली. मग तिने पिशवीतली मोसंबी काढली आणि स्वतःच सोलून खायला लागली. चौथी फोड तिने माझ्यापुढे केली. मुलगी मधे नव्हती, त्यामुळे "घ्या" हे तिला स्वतःच्याच तोंडाने म्हणावं लागलं.

मार्क लागले. गडी भरवण्यात नापास, पण नातेवाइकांशी बोलण्यात पूर्ण. मला वीसपैकी एकोणीस. एक मार्क पुरणपोळीच्या वेळी माझा डावा गाल हलला म्हणून गेला. मी मॅडमशी भांडले. त्या म्हणाल्या, "मावशी, खऱ्या लकव्यात गाल हलत नाही." मी म्हटलं, "खऱ्या लकव्यात विहीण असं बोलतही नाही." त्यांनी मार्क दिला नाही.

नवस मात्र खरा निघाला. विहीण म्हणाली, देवाला नाटकबिटक कळतं का ते मला माहीत नाही, तुम्ही उठलात आणि बोललात, शब्द तो शब्द. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी फाट्यापासून अनवाणी कपिलधारला गेलो. रस्ता तापला होता. ती पुढे झपझप आणि मी मागे एका पायावरून दुसऱ्यावर उड्या मारत. तिथल्या धबधब्याला पाणी करंगळीएवढं होतं. आम्ही त्यात पाय सोडून बसलो आणि तिने मला तिच्या सासूचं सगळं सांगितलं: म्हातारी रात्री कशी हाका मारायची, पडून पडून पाठ कशी एकदाही फुटू दिली नाही, आणि मेल्यावर लोक म्हणाले, सुटली बिचारी. कोण सुटलं ते कोणी सांगितलं नाही.

मॅडमनी तिला पुढच्या तुकडीत बोलावून घेतलं. तिची शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण घरी सांभाळण्याचा अनुभवही चालतो म्हणाल्या. बारा दिवस ती माझ्याकडे राहायला होती. पास झाली. आता ती गावातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे सकाळचं जाते, त्यांना अंघोळ घालते, चालवते. काही अडलं की मला फोन करते. मी सांगते ते पूर्ण ऐकून घेते, "बरं," म्हणते, आणि तिच्या मनाला येतं तसंच करते.