चौथ्यात आणलेली साडी

मी फिरायला गेले म्हणून पहिलं गेलं, असं आमच्या घरात कुणी माझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. नवऱ्याच्या मोठ्या काकूंनी साताऱ्याहून फोन केला तेव्हा त्या सासूबाईंना एवढंच म्हणाल्या, "पोटुशी बाईला हिंडवायची कशाला?" फोन स्पीकरवर होता आणि मी स्वयंपाकघरात होते. सासूबाई त्यावर हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मी दोन वर्षं मनात धरून ठेवलं.

हिंडवली होती हे खरंच. पण कुठे, तर त्याच काकूंच्या मुलीच्या लग्नाला. अगदी आग्रहाचं बोलावणं होतं. आम्ही गेलो, जेवलो, पाया पडलो, परत आलो. त्यानंतर काही आठवड्यांनी, पाचवा संपत आला असताना, सोनोग्राफी करता करता डॉक्टरबाई बोलायच्या थांबल्या. बाळाचं हृदय नीट घडलंच नव्हतं, असं त्यांनी नंतर समजावून सांगितलं. प्रवासाचा, धक्क्यांचा, खाण्यापिण्याचा, कशाचाही संबंध नाही. सासूबाई माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होत्या. घरी आल्यावर त्यांनी मला भात कालवून भरवला आणि विषय संपला. म्हणजे त्यांच्या बाजूने संपला.

मागे एक साडी तेवढी उरली. बातमी कळल्यावर सासूबाईंना इतका आनंद झाला होता की चौथ्या महिन्यातच त्या डोंबिवलीच्या बाजारात जाऊन डोहाळजेवणासाठी हिरवी साडी घेऊन आल्या होत्या. जांभळ्या काठांची, पदरावर मोर. सातव्याला अजून अवकाश होता, पण त्यांना धीर नव्हता. नंतर ती साडी त्यांच्या कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून गेली. मी तिला कधी हात लावला नाही. पण ती तिथे आहे याचा मला आधार वाटायचा. आमच्या घरात पहिल्याचं म्हणून तेवढंच होतं.

दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि घरात नियम आले. उगाच जिने चढायचे-उतरायचे नाहीत. उन्हात जायचं नाही. खाडी ओलांडायची नाही. हा शेवटचा नियम ऐकून मी हसलेच. माझं माहेर ठाण्यात, खोपटला, एसटी डेपोच्या मागे. डोंबिवलीहून ठाण्याला माणकोलीच्या नव्या पुलावरून जा नाहीतर कळव्यावरून जा, खाडी आडवी येतेच. म्हणजे माहेरच बंद. इकडे डॉक्टरबाई सांगत होत्या, चाला, फिरा, मोकळ्या हवेत जा. मी ते घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "त्यांना काय होतंय सांगायला."

एप्रिल लागला होता. पंख्याखाली पडून पडून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. मी नवऱ्याला म्हटलं, मला कोंडून ठेवलंत तर मी एकटी रिक्षा करून निघून जाईन. तो म्हणाला, "आपण दोघंच गेलो तर बोलणी खाणार. सगळ्यांनाच नेऊ या ना यार. आई बरोबर असली की बोलणार कोण?"

लग्न झाल्यापासून त्याने केलेली ही सगळ्यात हुशारीची गोष्ट. सासरे तर टोपी घालून तयारच होते. जन्मभर एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत काढलेला माणूस, त्यांना कुठलीही हवा मोकळीच वाटायची. सासूबाई मात्र पहारेकरी म्हणून आल्या. त्यांच्या पिशवीत छत्री, माझ्या पाठीला उशी, कोकम सरबताची बाटली आणि दृष्ट काढायला मीठमोहरीची पुडी. आमची गाडी सेकंडहँड, तिचा एसी फक्त आवाज करायचा. सासूबाई पुलावर हात जोडून बसल्या आणि पलीकडे उतरल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "खाडीने मला काही केलं नाही."

पहिला रविवार उपवनचा. तळ्याकाठी एक बाई तिखटमीठ लावून कैरीच्या फोडी विकत होती. माझ्या पोटाकडे बघून तिने हसत विचारलं, "पयलाच ना गो?"

"हो हो, पहिलंच," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

"दुसरं," मी म्हटलं.

"मंग मोठा कुणाकडं ठेवलास?"

"नाही राहिलं."

"अगो बाय," ती म्हणाली आणि कागदावर आणखी दोन फोडी ठेवल्या. सासूबाईंनी माझं कोपर धरून मला बाजूला ओढलं. "कुठेही काय सांगत सुटतेस? नजर लागते अशाने."

"नजर लागायला त्याचं आता काय उरलंय?" मी म्हटलं. ते जरा जास्तच जोरात म्हटलं गेलं. नवऱ्याने तळ्याकडे तोंड फिरवलं. घरी येईपर्यंत सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि मला त्यांची अजिबात दया आली नाही. माझं एक मूल होऊन गेलं होतं. पाच महिने ते माझ्या पोटात होतं. त्याला मोजायचंच नाही, हे मी कुणाच्याही भीतीपोटी मान्य करणार नव्हते.

पण रविवार चालू राहिले. तलावपाळीला संध्याकाळी गेलो, मासुंदा तलावाला फेरी मारली, सासऱ्यांनी कुल्फी खाल्ली आणि शर्टावर सांडली. येऊरच्या पायथ्याला सकाळी पोहे खाल्ले. कल्याणच्या काळा तलावावर बाकांवर बसून राहिलो. कुठे जायचं हे माझं मूत्राशय ठरवायचं. जिथे स्वच्छ संडास नाही तिथे आम्ही जात नसू, आणि ठाण्यात कुठेही असलो तरी खोपटला आईकडे एक चक्कर व्हायचीच. आई दार उघडायच्या आधीच बाथरूमचा दिवा लावून ठेवायची. तिच्या हातचं पन्हं पिऊन सासरे प्रत्येक वेळी म्हणायचे, "बाहेर पडलं की कसं बरं वाटतं." सासूबाईंनाही वाटत असावं. शुक्रवार आला की त्याच हळूच विचारायच्या, "या रविवारी कुठे?" मला पाणीपुरी खायची बंदी होती. त्या मात्र गाडीपाशी उभ्या राहून दोन-दोन प्लेट खायच्या आणि वर मला सांगायच्या, "तुला नाही हं चालत."

जाऊ तिथे कुणीतरी तेच विचारायचं. पहिलंच का? आमच्या दोघींत शर्यतच लागायची. त्या "पहिलंच" म्हणायच्या, मी "दुसरं" म्हणायचे, आणि विचारणारा माणूस गोंधळून नवऱ्याकडे बघायचा. एकदा पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना मी त्याला विचारलं, तू ऑफिसात काय सांगतोस? मागे सासूसासरे झोपले होते. तो म्हणाला, "पहिलंच सांगतो. दुसरं म्हटलं की पुढचे प्रश्न येतात. मला नाही झेपत ते."

"मला झेपतात असं वाटतं का तुला?"

गाडी दोन फूट पुढे गेली, परत थांबली. "सोमवारपासून सांगतो," तो म्हणाला. आणि सांगितलंही. सोमवारी ऑफिसातून घरी येऊन बूटसुद्धा न काढता सोफ्यावर बसून राहिला, म्हणून मला कळलं.

मेमध्ये सातव्याची बोलणी सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, ठाण्यात जाऊन नवीन साडी घेऊ. मी म्हटलं, "आहे ना एक." त्यांचा चेहरा उतरला. "ती नको," म्हणाल्या आणि उठून कुकर लावायला गेल्या. मला काय समजायचं ते समजलं. ज्या बाईने मूल सांभाळलं नाही, तिची साडीसुद्धा आता अपशकुनी. मी त्याच दिवशी ठरवलं, डोहाळजेवणाला नेसेन तर तीच, नाहीतर डोहाळजेवण नको.

पुढच्या रविवारचं ठिकाण पहिल्यांदाच सासूबाईंनी सुचवलं. कल्याणला दुर्गाडीवर देवीला जाऊन येऊ. मी खूश झाले, कारण वर वारा असतो आणि खाली खाडी दिसते. पायऱ्या मी हळूहळू चढले, नवरा एका बाजूला, सासरे दुसऱ्या बाजूला. सासूबाई मोठी पिशवी छातीशी धरून पुढे. मला वाटलं, आत उशी असेल. देवळाबाहेर त्यांनी ओटीचं सामान घेतलं, नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. मग रांगेत उभ्या राहून त्यांनी पिशवीतून जुन्या धोतराची गुंडाळी काढली. एका टोकातून जांभळा काठ दिसत होता.

"आई, ही कुणाला?" मी विचारलं.

"देवीच्या ओटीत घालते."

"का?"

"घरात नको वाटते ती."

"मला वाईट, ती देवीला चांगली कशी चालते?" माझा आवाज चढला. पुढच्या दोन बाया वळून बघायला लागल्या. नवरा म्हणाला, "अगं, घरी बोलू या ना." मी म्हटलं, "घरी दोन वर्षं कुणी बोललं का? इथेच बोलायचं. मी लग्नाला गेले म्हणून पहिलं गेलं असं वाटतं ना तुम्हाला? मग एकदा म्हणा ना तसं. देवीसमोर म्हणा."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय बोलतेय तेच त्यांना कळत नसावं. मग रांग सोडून त्या कठड्यापाशी जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले, भांडण पुरं करायलाच गेले.

"तुला कशाला धरीन मी?" त्या म्हणाल्या. "मीच आणली ना ही. चौथ्यात. आधी आणून ठेवायची नसते. माझ्या सासूने मला बजावलं होतं, मला सगळं माहीत होतं. पण काठ बघितला आणि राहवलं नाही. माझी हौस नडली त्याला."

मीही त्यांच्या शेजारी बसले. गुंडाळी त्यांच्या मांडीवर उघडी पडली होती. साडीला फॉल लावलेला होता. मशीनचा नाही, हाताचा, बारीक टाका. तेव्हा दुपारी मी झोपले की त्या खिडकीशी बसून लावत असणार. दोन वर्षं मी त्यांच्या गप्प बसण्याचा राग राग करत होते आणि त्या कपाट उघडलं की ही गुंडाळी बघत होत्या. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"डॉक्टरबाई बोलल्या तेव्हा तुम्ही शेजारीच होतात ना?"

"ऐकलं मी. पटलं नाही."

"मग आता मी सांगते, ते पटवून घ्या. साडी आणून कुणी मरत नाही. लग्नाला जाऊनही मरत नाही. त्याचं हृदयच झालं नव्हतं, आई. तुम्ही त्याच्यासाठी साडी आणलीत. दुसऱ्या कुणी काय केलं हो त्याच्यासाठी? एकीने फोन करून दोष दिला, बाकी सगळे विसरले. ही मी देवीला देणार नाही."

त्या रडल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मीही रडले, आणि मी आवाज करून रडले. सासरे आमच्या चारही चपला हातात धरून उन्हात उभे होते, त्यांना काय करावं सुचेना. शेवटी नवऱ्याने नारळ आणि खण उचलून आमच्या हातात दिला, आम्ही दोघी आत गेलो आणि सासूबाईंनी देवीची ओटी तेवढ्यावरच भरली. येताना साडी माझ्या मांडीवर होती.

डोहाळजेवण घरीच केलं. हॉलमध्ये फुलांचा झोपाळा भाड्याने आणला होता आणि खोपटहून आई पुरणपोळ्या करून घेऊन आली होती. साडी मला सासूबाईंनीच नेसवली. निऱ्या काढताना त्या एकदा थांबल्या, फॉलवरून बोट फिरवलं आणि परत निऱ्या काढायला लागल्या. पदर त्यांनी पाठीमागून पुढे आणून खोचला, आणि पोट इतकं पुढे आलं होतं की मोर नेमका त्याच्यावर आला.

साताऱ्याहून मोठ्या काकू आल्या होत्या. त्यांनी मला झोपाळ्यावर बघितलं आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "छान दिसतेय हो. पहिलटकरणीला हिरवा रंग खुलतोच."

मी तोंड उघडलं होतं. पण ओटीसाठी तांदळाचं सूप घेऊन समोर उभ्या असलेल्या सासूबाई माझ्याआधी बोलल्या. या वेळी शर्यत त्यांनी जिंकली.

"पहिलटकरीण नाही ती. दुसरं आहे हे. ही साडी पहिल्याची."

काकूंनी साडीकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. "म्हणजे तेव्हा आधीच आणून ठेवली होतीस तू?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "चौथ्यातच आणली. मला फार हौस होती त्याची."

मग त्यांनी मला पदर पसरायला सांगितला.