जळकोटचं सतरा नंबर

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. लिनक्सची मशिनं सांभाळणारा माणूस मी... बिघडलं की लॉग, म्हणजे मशिननं आपली आपण ठेवलेली नोंद, वाचायचा; कारण सापडतंच. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. लाज कसली, शिसारी!

आमच्या संस्थेच्या कॉम्प्युटर लॅब औसा, उदगीर आणि जळकोटला. मी लातूरच्या ऑफिसात. पूर्वी एक अपडेट द्यायचं तरी एसटीनं गावोगाव हिंडावं लागे. यंदा एक टूल घेतलं — प्रत्येक मशिनवर छोटा प्रोग्रॅम टाकला की सगळी मशिनं लातूरच्या एकाच स्क्रीनवर. हिरवा ठिपका म्हणजे चालू.

त्यासाठी मशिनं तपासली, तर जळकोटचं सतरा नंबर आतून रिकामं. मदरबोर्ड नाही, डिस्क नाही. सचिवसाहेबांनी लॅब सांभाळणाऱ्या वैजनाथमामांना चोर ठरवून त्याच दिवशी घरी पाठवलं.

ते पार्ट मी काढले होते. तीन वर्षांपूर्वी, साहेबांच्याच घरचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला, त्यांच्याच सांगण्यावरून! साहेब गप्प. आणि मीही मिठाची गुळणी धरून बसलो.

आठव्या दिवशी सकाळी दहाला स्क्रीनवर 'जळकोट-१७' आलं. हिरवं. वाटलं, दुसऱ्याच मशिनला चुकून तेच नाव पडलं असेल. पण बाकीची सगळी आपापल्या जागी होती. मग डिस्कचा नंबर जुन्या रजिस्टरशी ताडून पाहिला... मी काढलेलीच डिस्क. ती साहेबांच्या घरी कधीच जळाली होती, मीच भंगारात टाकली होती.

तडक जळकोट गाठलं. लॅबचं कुलूप काढताच भपकारा आला. सतराचं झाकण उघडलं — आत उंदराचं घरटं, मेलेली पिल्लं, वळवळणारे किडे. मागची केबल कुरतडलेली. लातूरला सहकारी सुरेखाला फोन लावला.

"सतरा काय दाखवतंय?"

"चालू हाय की सर. आत्ताच अपडेट घेतलं."

"यादीतून काढून टाक."

"काढलं... सर, परत आलंय बघा."

माझा हात तेव्हा त्या घाणीत होता.

परतताना उदगीरच्या स्टँडवर वैजनाथमामा दिसले. आता धान्याच्या मोंढ्यात पोती उचलतात. मला पाहून धावत आले, सवयीनं माझी पिशवी हातात घेतली.

"सर, सतराचं कायी कळलं का हो? लेकीच्या सासरचे लई बोलायलेत तिला... चोराची पोरगी म्हनून."

"न्हाई मामा, अजून न्हाई," मी म्हणालो. स्टँडवरच्या नळाखाली तीनदा हात धुतले, वास जाईना.

पुढं सतराचं ते रिकामं कॅबिनेटही भंगारात गेलं. तरी रोज दहाला, मामा लॅब उघडायचे त्या वेळेला, सतरा नंबर हजर होतं. लॉग पालथे घातले, टूल काढून नव्यानं बसवलं. कारण आजतागायत सापडलेलं नाही.

आज सकाळी साहेब माझ्या खुर्चीमागून वाकले. "व्वा! सगळी हिरवी. एकही बंद नाही ना?"

"नाही साहेब," मी म्हणालो.