डेलिमाचा लॅपटॉप आणि देवाच्या करणीचं कलम

समुद्रकाठच्या, फ्रेंच बोलणाऱ्या काप-पेले गावात माणसाची ओळख बापाच्या नावाने लागते. त्यामुळे डेलिमा बूर्क लग्नानंतरही 'फिलियासची डेलिमा'च राहिली. तिच्या पाठीमागे मात्र लोक तिला 'का-का डेलिमा' म्हणत. हे नाव पडलं हेरिंगच्या शेडमध्ये. शाळा सुटल्यावर ती तिथे कामाला लागली. मासे सळईत ओवायचे आणि धुरावर टांगायचे, असं काम. बाकीच्या बाया गाणी म्हणत, कुचाळक्या करत. डेलिमा प्रश्न विचारायची. लाकूड मेपलचंच का, देवदाराचं का नाही? मासा डोकं वर करून का टांगायचा? मुकादम वैतागायचा.

"डेलिमा, तोंड चालतंय तेवढे हात चालव."

"दोन्ही चालतायत. बघ ना येऊन."

एवढा मासा नक्की खातं तरी कोण, हा तिचा सगळ्यात लाडका प्रश्न होता. गावात तर एवढी माणसंच नव्हती. शेवटी एका ट्रकवाल्याचा पिच्छा पुरवून तिने काढून घेतलं, की माल बोटीने हैतीला जातो. मग नवा प्रश्न: ते लोक तो शिजवतात कसा? त्याचं उत्तर मिळायला तिची उमर गेली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती मॉन्क्टनच्या इस्पितळात होती, तेव्हा एक हैतीची नर्स भेटली. भूल उतरता उतरता डेलिमाने तिच्याकडून मिरची घातलेल्या हेरिंगची अख्खी कृती वदवून घेतली आणि घरी येऊन करून पाहिली. नवरा उल्रिक दोन घास खाऊन पाण्याच्या नळाकडे धावला होता.

अशी ही बाई. ती लॅपटॉप घ्यायला गेली, तर सरळ घेऊन येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

लॅपटॉप हवा होता तो पत्त्यांसाठी. धाकटी बहीण आल्मा तरुणपणीच बॉस्टनकडे घड्याळाच्या कारखान्यात गेली आणि तिकडचीच झाली. दोघी रोज संध्याकाळी पडद्यावर समोरासमोर बसून पत्ते खेळत. मुलाने दिलेलं जुनं यंत्र हिवाळ्याच्या तोंडावर एकदाचं बंद पडलं. फोनवर पत्ते दिसत नाहीत, बदाम की चौकट तेच कळत नाही, असं म्हणून डेलिमा उल्रिकला घेऊन मॉन्क्टनला गेली.

दुकानातली मुलगी मालीहून आलेली, नाव ऐसाता. फ्रेंच गोड बोलायची. तिने यंत्र दाखवलं, बांधून दिलं आणि मग पाठ केल्यासारखं म्हणाली, "मावशी, वाढीव वॉरंटी घेऊन टाका. पहिलं वर्ष कंपनीचं, पण पुढे काही झालं तर? पडलं, सांडलं, सगळं त्यात येतं."

"तू घेतलीस का गं?" डेलिमाने विचारलं.

ऐसाता हसली. "माझ्याकडे लॅपटॉपच नाही, मावशी."

"मग फोनची?"

"फोनचीही नाही."

"का बरं?"

मुलीने इकडेतिकडे पाहिलं. साहेब लांब होता. "मला घरी पैसे पाठवायचे असतात," ती हळूच म्हणाली. मग पुन्हा आवाज चढवून, "आजच ठरवायला पाहिजे असं नाही हां. महिनाभर मुदत आहे. हे माहितीपत्रक वाचा आणि फोन करा."

उल्रिकने कपाळावर हात मारला. "पोरी, काय केलंस हे! हिला वाचायला दिलंस?"

डेलिमाने खरंच वाचलं. जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून, बोट फिरवत. आमच्याकडचे सगळेच सरकारी-बिनसरकारी कागद असतात तसं तेही एका बाजूने इंग्रजी, दुसऱ्या बाजूने फ्रेंच. माणूस आपली भाषा वाचतो आणि कागद ठेवून देतो. डेलिमाने दोन्ही वाचलं, ओळीला ओळ लावून. आणि तिसऱ्या पानावर थांबली.

"उल्रिक! अरे, इकडे ये."

"फ्रिको करपेल." तो कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं ढवळत होता.

"करपू दे. ऐक. कशाकशाची भरपाई मिळणार नाही, ते लिहिलंय. इंग्रजीत म्हणतात, 'देवाची करणी'. देवाच्या करणीने यंत्र बिघडलं तर कंपनी जबाबदार नाही."

"बरं मग?"

"आणि फ्रेंचमध्ये त्याच जागी लिहिलंय, 'वरचढ शक्ती'. देवाचं नावच नाही! इंग्रजी बाजूला देव आहे आणि आपल्या बाजूला नाही. का?"

"इंग्रजांचा देव हिशेबी असेल," उल्रिक म्हणाला. "तू पैसे भरायचे की नाही ते ठरव ना. देव कुठल्या बाजूला आहे ते काय करायचंय?"

पण डेलिमाचं मन त्या शब्दात अडकलं होतं, आणि त्याला कारण होतं. ती लहान असताना वादळात बाप फिलियासची होडी धक्क्यावर आपटून फुटली. होडीत कुणी नव्हतं म्हणून जीव वाचला, पण घरात अन्नाचे वांधे झाले. जो तो येऊन आईला सांगायचा, देवाची मर्जी. धर्माच्या तासाला डेलिमाने ननला विचारलं, "देवाला आमचीच होडी का हवी होती? बाजूला लेजेंची होती, ती नवी होती." ननने तिला दाराबाहेर उभं केलं. बाहेर कडाक्याची थंडी होती. तिचं त्या थंडीबद्दल काही म्हणणं नव्हतं. फक्त उत्तर मिळालं नाही, एवढंच तिच्या मनात राहिलं.

त्यामुळे रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर, हॉलमध्ये कॉफी चालू असताना, तिने माहितीपत्रक फादर सेलेस्टँच्या हातात दिलं. फादर काँगोचे, उंचेपुरे. थंडीला अजून सरावलेले नव्हते, आतसुद्धा मफलर गुंडाळून बसत.

"फादर, एवढं सांगा. वीज पडून लॅपटॉप जळला तर ते देवाने केलं का?"

फादरनी वाचलं आणि ते इतके हसले की त्यांची कॉफी बशीत सांडली. "डेलिमाबाई, आमच्या गावी वीज पडली की लोक विचारायचे, ही कुणी पाठवली? शेजाऱ्याने की सासूने? मी जन्मभर समजावत आलो, की बाबांनो, वीज कुणी पाठवत नाही. देवही नाही. आणि आता ही कंपनी लिहूनच देते, की त्यानेच पाठवली!"

"म्हणजे कंपनी खोटं बोलते?"

"कंपनीला देवाशी देणंघेणं नाही हो. पैसे द्यायचे नाहीत, तर बोट कुणाकडे तरी दाखवायला हवं. देव तक्रार करायला येत नाही."

"मग फ्रेंच बाजूला त्याला का सोडून दिलं?"

फादरनी मफलर सारखा केला. "हे मात्र मला माहीत नाही," ते म्हणाले. "चांगला प्रश्न आहे."

डेलिमा घरी आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. उल्रिकला वाटलं, हिला उत्तर मिळालं. तसं नव्हतं. प्रश्न चांगला आहे, असं तिला आजवर कुठल्याही झग्यातल्या माणसाने म्हटलं नव्हतं.

सोमवारी तिने कंपनीला फोन लावला. आधी फ्रेंचसाठीचं बटण दाबलं. तिकडच्या बाईने तिला तेच कलम परत वाचून दाखवलं, दोनदा, आणि आणखी काही मदत हवी का असं विचारलं. मग डेलिमाने पुन्हा फोन लावला आणि इंग्रजीसाठीचं बटण दाबलं. या वेळी उचलणारा होता गॉर्डी नावाचा माणूस, लांब सस्कॅचेवानमध्ये बसलेला. आवाज निवांत होता.

"देवाची करणी म्हणजे वीज, पूर, वादळ, भूकंप, असलं सगळं, बाई."

"बर्फाचं वादळ?"

"तेही."

"वीज गेली आणि परत येताना जोरात आली, त्याने जळलं तर? आमच्याकडे दर हिवाळ्यात होतं."

"ते मात्र भरून देतो. ती देवाची करणी नाही."

"मग कुणाची? वीज कंपनीची?"

गॉर्डी हसला. "ते लिहिलेलं नाही, बाई."

"बरं, खाऱ्या वाऱ्याने आतलं गंजलं तर?"

"तुम्ही कुठे राहता?"

"समुद्रावर. म्हणजे खिडकीतून खडा टाकला तर पाण्यात पडेल. आणि मागे हेरिंगच्या शेड आहेत. त्यांचा धूर दिवसभर घरात."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "खारी हवा, गंज, धूर, धूळ: नाही. त्यातलं काहीच धरलेलं नाही." मग त्याने विचारलं, "धूर कसला म्हणालात?"

आणि मग काय! डेलिमाने त्याला मेपलच्या लाकडापासून सांगायला सुरुवात केली. गॉर्डीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्याच्या खिडकीतून नुसता गहू आणि आता गव्हावर बर्फ. तो तिला विचारत होता, भरती येते म्हणजे पाणी किती वर येतं, त्याचा आवाज येतो का. ती त्याला विचारत होती, लोकांची यंत्रं बिघडतात तरी कशाने. त्याने सांगितलं: चहाने, कॉफीने, बिअरने. कुणाच्या पोपटाने बटणं उपटून गिळली. एका बाईच्या सशाने वायर खाल्ली. एका गृहस्थाने लॅपटॉप गाडीच्या टपावर ठेवला आणि गाडी चालू केली.

"आणि देवाने?"

"एवढ्या वर्षांत देवाचा एकही फोन माझ्याकडे आला नाही, बाई," गॉर्डी म्हणाला. "हे बघा, हे फोन रेकॉर्ड होतात. मी घेऊ नका असं म्हणू शकत नाही. पण यंत्र खिडकीपासून लांब ठेवा. आणि वीज जोरात आली तर अडवणारी एक पट्टी मिळते, ती लावा."

डेलिमाने वॉरंटी घेतली नाही. उल्रिक म्हणाला, हे तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. ती म्हणाली, "तू सांगितलं असतंस, पण तुला माहीत नव्हतं." विजेची पट्टी आणली. लॅपटॉप खिडकीपासून उचलून आतल्या भिंतीला गेला, आणि त्या भिंतीला उल्रिकची खुर्ची होती, ती खिडकीत आली. तो आठवडाभर कुरकुरला. मग खिडकीतून धक्क्यावर कोण येतं-जातं ते दिसतं असं लक्षात आलं, तसा गप्प बसला.

हिवाळ्यात दोनदा वीज गेली आणि आली. यंत्राला ढिम्म काही झालं नाही. धुराने नाही, मिठाने नाही.

मार्चच्या अखेरीला उल्रिकने ते मोडलं. पत्त्यांतले दोघींचे गुण मांडायला डेलिमा एक आखूड पेन्सिल वापरायची, ती बटणांवर तशीच राहिली होती. उल्रिकने टेबल आवरताना झाकण लावलं, लागेना म्हणून जरा दाबलं. कर्रकन आवाज झाला. उघडून बघतात तो पडद्यावर कोळ्याचं जाळं.

उल्रिकने झाकणावरचे हात मागे घेतले. "ती वॉरंटी... पडलं, सांडलं, त्यात हे आलं असतं का?"

"आलं असतं."

"तू चिडली नाहीस?"

डेलिमा पडद्याला नाक लावून बघत होती. "अरे, काचेच्या मागून शाई पसरल्यासारखं काय दिसतंय हे? ये, बघ तरी. जांभळं आहे."

"मी मोडलं, डेलिमा."

"तूच मोडलंस. देवावर घालता येणार नाही, वरचढ शक्तीवरही नाही." मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "चहा टाक."

शेडियाकमध्ये गिलेन नावाची बाई केस कापण्याच्या दुकानामागच्या खोलीत लॅपटॉप दुरुस्त करते. यंत्र ठेवून जा, परवा या, असं ती म्हणाली. डेलिमाने विचारलं, "मी बसून बघितलं तर चालेल का?" गिलेनला असं गिऱ्हाईक कधी भेटलं नव्हतं. नवा पडदा तिच्याकडे तयारच होता, म्हणून तिने लगेच काम काढलं आणि डेलिमासाठी स्टूल पुढे सरकवलं. तिने खालचं झाकण काढलं आणि एकेक भाग बोटाने दाखवत गेली: ही बॅटरी, हा पंखा, आणि आठवण म्हणतात ती एवढीशी, बिस्किटाएवढी. डेलिमाचे सगळे फोटो, सगळे पत्ते त्या बिस्किटात? गिलेन म्हणाली, हो. डेलिमाला ते पटलं नाही. पण बघायला मिळालं. काम संपेपर्यंत पुढच्या खोलीतल्या दोन बायका डोक्याला रंग लावलेल्या तशाच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

पडद्याचा खर्च वॉरंटीपेक्षा थोडा जास्तच झाला. कुणी विचारलं तर डेलिमा ते सरळ सांगते, आणि त्यात बिस्किट बघायला मिळालं हेही सांगते.

उन्हाळ्यात आल्माचंही यंत्र जुनं झालं आणि तिने नवं घेतलं. पहिल्याच संध्याकाळी पत्ते वाटून झाल्यावर तिने सहज सांगितलं, की वाढीव वॉरंटीही घेतली.

"वाचून घेतलीस का?"

"छे गं."

"मग का घेतलीस?"

आल्माने पत्ते लावता लावता खांदे उडवले. "दुकानातली पोरगी पोटुशी होती. सकाळपासून उभी असणार. तिला म्हटलं, लिही बाई माझं नाव, आणि जरा बस."

डेलिमा पडद्यावरच्या बहिणीकडे पाहत राहिली. हा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता. ऐसाताला त्या दिवशी वॉरंटी घेणारं एखादं गिऱ्हाईक तरी मिळालं असेल का?

"अगं, झोप लागली का तुला?" आल्मा म्हणाली. "पान टाक."