विहीर गाळलेलं चित्र

मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजात अर्ज करायचा तर स्वतः काढलेली दहा चित्रं बरोबर न्यावी लागतील, असं आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी सांगितलं. मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिली होती. वडील साताऱ्याकडून पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फिटर म्हणून आले होते आणि आम्ही चिंचवड गावात एका शेतकऱ्याच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. घरमालकांना सगळा गाव अण्णा म्हणायचा. आईला ते लेकीसारखं वागवत. रोज तांब्याभर ताक त्यांच्याकडून यायचं.

निसर्गचित्रांसाठी मी सकाळी अण्णांच्याच रानात जाऊन बसायचो. एक डोळा मिटायचा, हात ताठ लांब करून पेन्सिल धरायची आणि झाडाची उंची, बांधाची लांबी तिच्यावर अंगठ्याने मापून घ्यायची, हे मास्तरांनीच शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"काय मोजतुयास रं?"

"मोजत नाही अण्णा, चित्र काढतोय."

"मंग डोळा कशापायी मिटतुयास?"

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही. आदल्या वर्षी साखळ्या आणि झेंडे घेऊन मोजणीवाले आले होते आणि त्यानंतर अण्णांच्या चुलतभावाची जमीन कारखान्यात गेली होती. मोजणीवालेही असाच एक डोळा मिटून बघायचे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवसापासून ताक बंद झालं. मी पारावरून गेलो की बोलणं थांबायचं. आईला नळावर एका बाईने विचारलं, "तुमच्या मालकांच्या कंपनीनं पोराला कामाला लावलंय व्हय?" वडिलांनी घरी आल्यावर मला समोर बसवलं.

"खरं सांग, तुला कुणी पैसे देतंय का?"

"कुणीही नाही."

"मग झाडं सोडून बांधच का काढतोस?"

घरातच ही गत झाल्यावर मीही बदललो. चित्रांची पुठ्ठ्याची फाइल मी स्वतः शिवली होती. तिच्या नाडीला मी एक विशिष्ट गाठ मारायला लागलो, कुणी उघडलीच तर कळावं म्हणून. आठवड्याभराने गाठ वेगळी दिसली. आत नऊच चित्रं होती. अण्णांच्या रानाचं चित्र गायब होतं.

अर्जाला पाच दिवस उरले होते. अण्णा त्या दिवशी पुण्याला गेलेले. संध्याकाळी ते एसटीतून उतरले तसा मी समोर गेलो.

"अण्णा, माझं चित्र?"

त्यांनी नाकारलं नाही. कोटाच्या आतल्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला.

"मोजणीच्या कचेरीत दावलं. कारकून हसला माझ्यावर. म्हन्ला, ह्यो नकाशा न्हाई."

"मी तेच सांगत होतो."

"त्येला काय कळतंय!" अण्णांनी कागद उलगडून माझ्यापुढे धरला. बोट उजव्या कोपऱ्यावर ठेवलं. "हितं माझी हीर हाय. ती कुठं गेली?"

विहीर मी मुद्दाम गाळली होती. ती काढली तर नजर तिकडेच ओढली जायची आणि लांबचं आंब्याचं झाड फिकं पडायचं.

"चित्रात ती नीट दिसत नव्हती, म्हणून."

"हीर न्हाई म्हंजी रान जिरायत. जिरायत रानाला सरकार काय देतं ठावं हाय का तुला? कुनी सांगितलं हीर खोडायला?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. डोळे मात्र पाण्याने भरले होते. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मी घरातून पेन्सिल आणली आणि ओट्यावर बसून, अण्णांच्या देखत, विहीर काढली. ते सांगत गेले, मोट कुठे, मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं कुठे. चित्र बिघडलं. घड्यांच्या रेघा तर होत्याच.

मुंबईला मुलाखतीत एका प्राध्यापकांनी नेमकं तेच उचललं. "बाकी नऊ एका हाताची दिसतात. ही विहीर कुणी काढली?"

"मीच, सर."

त्यांचा विश्वास बसला नाही. टेबलावरचा तांब्या समोर ठेवून त्यांनी मला कोरा कागद दिला आणि तासभर माझ्या शेजारून हलले नाहीत. तांब्या बरा जमला असावा. जूनअखेरीला प्रवेशाचं पत्र आलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा अण्णा ओट्यावर चुलतभावाशी जमिनीचं काहीतरी बोलत बसले होते. मला पाहताच दोघांनी विषय पावसापाण्याकडे वळवला. मी नमस्कार केला.

अण्णांनी घोंगडीवरची जागा हाताने झाडली. "या, बसा," ते म्हणाले. त्याआधी त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.