वालाचं बियाणं आणि न आलेली पालखी

देवीवर माझा विश्वास नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल. दर शिमग्याला नारळ मी वाढवत होतोच. पण आमच्या वालाचं तिला काही पडलेलं असेल, हे मला पटत नव्हतं. एवढी गावं, एवढी माणसं, एवढी दुखणी-खुपणी सांभाळायची, त्यात आमच्या अंगणात वाळत पडलेल्या शेंगांकडे ती कशाला बघेल? ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी फाल्गुनात अवकाळी पाऊस आला आणि खळ्यावरचे वाल भिजून काळे पडले, काहींना तर तिथेच मोड आले. तेव्हा देवळासमोरून जाताना मी हात जोडले ते सवयीने. मनात म्हटलं, बाई, तू तुझ्या जागी, मी माझ्या. हे रुसणं तिच्यापर्यंत पोचलं असेल की नाही, कोण जाणे. बायकोपर्यंत मात्र लगेच पोचलं.

मी मूळचा शेतकरी नव्हे, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला नोकरदार. नागोठण्याकडच्या एका कंपनीत शिफ्ट करता करता केस पांढरे झाले, मग लवकर निवृत्ती घेऊन कासूजवळच्या आमच्या गावात परसबाग करत बसलो. बसलो हाच शब्द बरोबर आहे, कारण वाकून काम करायची ती सुनंदा, माझी बायको. मी मिरचीच्या रोपांना पाणी घालायचो आणि मोबाईलवर हवामान बघून तिला सूचना द्यायचो. माघ संपता संपता आमच्याकडची हवा कशी होते ते इथल्यांना सांगायला नको. पहाटे गोधडी सुटत नाही, दुपारी डोकं तापतं, मध्येच मळभ येऊन आंब्याचा मोहर काळा पडतो. अशा हवेत मोबाईलवर विसंबणारा माणूस एकतर फार शिकलेला असतो किंवा माझ्यासारखा.

पण वालाची गोष्ट वेगळी होती. ते बियाणं सुनंदाच्या माहेरचं, रोह्यापलीकडच्या तिच्या गावचं. दाणा बारीक, पण बिरडं असं व्हायचं की पाहुणे भात संपला तरी ताटावरून उठायचे नाहीत. तिच्या भावाने शेती सोडली, शेताचे प्लॉट पडले, आणि ते बी राहिलं फक्त आमच्याकडे, राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं. त्या अवकाळीने पीक नासलं तेव्हा मडक्याच्या तळाशी थोडे दाणे उरले होते. तेवढेच त्या वर्षी पेरले. सुनंदाने शेतावर मडक्यात भाजायच्या पोपटीलासुद्धा एक शेंग तोडू दिली नाही. पोपटी खायला आलेले भाचे रागावून गेले. भातानंतरच्या ओलीवर ते रोप तरलं, शेंगा भरल्या, उपटून अंगणात वाळत घातल्या. आता तिच्या माहेरचं जे काही म्हणून शिल्लक होतं, ते सगळं त्या अंगणात पडलं होतं. हे ती बोलून दाखवत नव्हती. येता-जाता फक्त हाताने शेंगा परतत होती.

होळी झाली होती, देवीची पालखी घरोघर फिरत होती. आमच्या आळीचा मान दुसऱ्या दिवशीचा. पालखी यायची म्हणजे अंगण मोकळं हवं, शेणाने सारवलेलं हवं, रांगोळी हवी. पालखी नाचवायला जागा नको का? सुनंदा सकाळी म्हणाली, "अर्धे तरी आत घेऊया हो. हवा बरी वाटत नाय."

मी मोबाईल पुढे केला. "बघ. स्वच्छ ऊन. अजून एक ऊन खाल्लं नाही तर बियाण्याला भुंगा लागेल. उद्या सकाळी उचलू."

"तुमच्या त्या मोबाईलने वाल पेरलेत कधी?" एवढंच म्हणून ती आत गेली.

दुपारी फाटकात एक मासळीवाली येऊन उभी राहिली. आमची नेहमीची नव्हे. हिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी, कपाळावर घाम. पाटी उतरवायच्या आधीच ती सुनंदाला म्हणाली, "अगो ताई, अंगणात पसारा काय घालून ठेवलास? पालखी येतेय ना तुमच्यात!"

"उद्या आहे," मी म्हटलं.

"उद्या कशी दादा? फाट्यावर माझ्या डोळ्यांनी बघितली. ढोल हाय, निशाण हाय, इकडंच वळली. देवी काय तुमाला विचारून येते व्हय?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि शेंगांची पहिली मोट उचलली. मासळीवालीनेही पाटी ओट्यावर ठेवली आणि लागली उचलायला. मी तक्रार करत, कमरेवर हात ठेवत, मध्येच थांबून दम घेत शेंगा पडवीत नेत राहिलो. शेवटचा पाला गोळा झाला तशी ती बाई पाणी प्याली, पाटी डोक्यावर घेतली आणि निघाली. सुनंदाने घाईघाईने अंगण सारवलं, रांगोळी घातली, निरांजन तयार ठेवलं. मी धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसलो.

पालखी आली नाही. ढोलाचा आवाजही नाही. आले ते शेजारचे दत्तूकाका, दात कोरत.

"काय रे, सदरा घालून कोणाची वाट बघतोस? मुलीकडचे बघायला येतायत का तुला?"

"पालखी यायचीय."

"आपली उद्या हाय रे. आज गेली ती पलीकडच्या गावची, त्यांच्या वाटेने." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी उठलो. त्या बाईला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हातचं ऊन फुकट गेलं होतं. एक मोट घेऊन तरातरा बाहेर आलो, तर सुनंदाने हात आडवा केला. "ओल्या सारवणावर टाकता काय? तळाच्या शेंगा कुजतील. सुकू द्या आधी."

म्हणून ती मोट हातात धरून मी पडवीच्या कडेला उभा राहिलो, सारवण सुकायची वाट बघत. आणि मग डोंगराकडून गार वारा आला. आंब्याखालचा पाचोळा उडाला. आभाळ केव्हा काळं झालं ते माझ्या रागाला दिसलंच नव्हतं. टपोरे थेंब पडले, पाठोपाठ गारा, आणि बघता बघता अंगणातून पाणी वाहू लागलं. रांगोळी गेली, सारवण गेलं. दुपारपर्यंत वाल जिथे पसरले होते तिथे गारांचा सडा पडला होता. सवयीने मी मोबाईल काढला. त्यात ऊनच होतं.

सुनंदा पडवीत त्या ढिगाजवळ बसली. हात शेंगांवर ठेवलेला, कोरड्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता. हातातली मोट मी हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे पालखी आली. अंगणात चिखल, सारवण नाही, रांगोळी नाही. भोई घोटाभर चिखलात नाचले आणि सुनंदाने ओटीत तांदळाबरोबर मूठभर वाल घातले. दरवर्षी मी त्या वेळी मनात मागण्यांची रांग लावतो. पोरांच्या नोकऱ्या, माझे गुडघे, आंबा. त्या दिवशी डोळे मिटले आणि रांगेत कोणी उभंच नव्हतं. देवीने पाऊस बघून त्या बाईला धाडलं, असं मी म्हणणार नाही. तिची चूक झाली होती, सरळ चूक. पण पालखीच्या दिवसाबद्दल माझं बरोबर होतं आणि तिचं चुकलं होतं, नि वाचवलं ते चुकलेल्याने, हे मला अजून पचवता आलेलं नाही.

पुढे काही दिवसांनी ती पुन्हा आली. लांबूनच हसत. "ताई, माफ कर गो, उगाच राबवलं तुला. ती पालखी दुसरीच निघाली!" सुनंदाने तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि मडक्यातलं थोडं बियाणं पुडीत बांधून दिलं. मडक्यातला एक दाणा कमी झाला तरी जिचा जीव खालीवर व्हायचा, ती ही सुनंदा. मी चकित होऊन पाहत राहिलो. ती बाई गेल्यावर सुनंदा म्हणाली, "एकाच मडक्यात ठेवलं म्हणजे जपलं, असं वाटत होतं मला. दोन घरी असलं तर एकीकडे तरी तरेल."

आता फाल्गुनात वाल वाळत असले की संध्याकाळी आम्ही ते आत घेतो, अंगण झाडून ठेवतो. मोबाईल अजून बघतो, सवय जात नाही. पण फाटकाशी कोणी अनोळखी येऊन काही सांगू लागलं की आधी ऐकून घेतो, मग वाद घालतो. अंगण मोकळं ठेवणं एवढं आपल्या हाती. त्यात पालखी येणार की पाऊस, ते जिचं तिने ठरवावं.